कुपा

वेंडेल क्रौसच्या दुकानात कॅटफिशचं सगळं मिळतं:
कोंबडीच्या काळजाचं आमिष, गळांची पाकिटं,
मासा लागला की वाजणारी पितळी घुंगरं,
लहान मुलींसाठी गुलाबी रॉड.
ऐंशी पौंडांचा दोर आहे का, विचारलं
तर चष्मा कपाळावर सारून म्हणाला,
काय धरायचंय बाई, मालगाडी?
कुपा, मी म्हटलं. मग म्हटलं, टूना.
हसला नाही, हे त्याचं चांगुलपण.
नुसतं काचेबाहेर बघितलं,
जिथे धान्याचा उंच कोठा, त्यामागे मका,
मक्यामागे मका,
आणि जवळात जवळचा समुद्र हजारेक मैलांवर.
आमची प्लॅट नदी घोट्यापर्यंत,
तीही विचारून विचारून वाहणारी.

सप्टेंबरात सॅन दिएगोहून सुटणाऱ्या बोटीवर
एक बंक माझ्या नावाने आहे. पैसे भरलेत.
त्यांनी सामानाची यादी पाठवली.
प्रयोगशाळेत गुरांच्या रक्ताच्या नळ्या फिरत असतात
तेवढ्या वेळात मी ती पाठ केली.

पहिला रॉड कुरिअरने आला, शेंडा मोडून.
दुसरं रीळ फोटोत तगडं, हातात खुळखुळा.
आई कल्ला उघडून बघितल्याशिवाय मासा घेत नसे,
नाखवा सख्खा दीर असला तरी;
आणि मी तिची पोर,
काचेवर बोट टेकवून यंत्रं घेत होते.
भोगा म्हटलं.

शेवटी मिळालं ते मिंडनच्या अलीकडे,
खडीच्या रस्त्यावर, एका शेतघराच्या दारात.
नवरा गेल्यावर अर्लीन होल्ट्झने विकायला मांडलेलं:
वायरींची भेंडोळी, तीन शिड्या, बोलिंगचा चेंडू,
आणि लोकरी मोज्यात कोंबलेलं
सोनेरी रीळ, सोललेल्या नारळाएवढं.
डेलमर एकदाच गेला होता, ती म्हणाली.
तीन दिवस ओकला.
मग मरेपर्यंत तेच सांगत बसला.

मुठीखाली, स्क्रूच्या खाचेत, पांढरट काही साचलेलं.
नखाने खरवडलं, जिभेवर ठेवलं.
अर्लीन बघत होती.
खारट, मी म्हटलं.
तिने हात पुढे केला,
तर तिच्याही बोटावर थोडं दिलं.
साठ म्हणाली, मी चाळीस, पन्नासला तुटलं.
मोजा फुकट.

आमच्या भरडखोलात बायका म्हावरं विकायच्या,
वाळवायच्या, मोजायच्या, त्यावरून भांडायच्या.
होडीवर नाही.
बाबांच्या होडीच्या नाळेवर माझं नाव रंगवलेलं होतं,
निळ्यात पिवळं.
मी कधी चढले नाही.

भावाला फोन केला.
कुणासाठी घेतलंस एवढं?
माझ्यासाठी.
पलीकडून बराच वेळ नुसता बर्फ फोडल्याचा आवाज.
मग म्हणाला,
सुटत्या दोरावर अंगठा ठेवू नको. कापेल.

शेजारचा कोल्टन शाळेसाठी चारशे मीटर पळतो.
त्याच्या पट्ट्याला दोर बांधला
आणि लसूणघास कापलेल्या रानात म्हटलं, पळ.
रीळ ओरडलं.
असं ओरडेल वाटलं नव्हतं;
वेंडेलचा कुत्रा रस्त्यापलीकडून भुंकायला लागला.
रॉडचा बुंधा पोटात रुतला, टाचा मातीत.
ड्रॅग एक काटा आवळला, पोरगा मंदावला.
अजून एक. तो रेलला, ओढत राहिला,
सतरा वर्षांचा, लालबुंद, खूश,
आणि मग सगळं सोडून घासात बसकण मारली.

मी मोकळा दोर गुंडाळत राहिले,
ओला असावा तसा दोन बोटांतून निथळत,
आणि त्याच्यासोबत आलं
घासाचं चिपाड, धूळ, एक जिवंत टोळ.
टोळ सोडून दिला.

अंगठा कापला होता.
कळलं ते रात्री, भाजीत मीठ टाकताना.